चार बाजू कळल्या, जमीन कळली नाही
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज मी तुमच्यासमोर दोन उदाहरणं सोडवणार आहे. एक भूमितीचं, एक संख्याशास्त्राचं. दोन्ही शाळेतलीच आहेत, आठवी-नववीच्या पुढची नाहीत. पण ती पायरी-पायरीनं सोडवायची आहेत, तेव्हा कागद आणि पेन्सिल जवळ घेऊन बसा. रेडिओवर आकृती दाखवता येत नाही, म्हणून ती तुम्हीच काढायची. एका अर्थी ते बरंच आहे. दुसऱ्यानं काढलेली आकृती आपण नुसती पाहतो. स्वतः काढायला घेतली की कुठली माहिती हातात आहे आणि कुठली नाही, हे आपोआप कळतं.

मुलांना गणित शिकवताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. उदाहरणात चार आकडे दिसले की मुलं त्यांचा लगेच गुणाकार किंवा बेरीज करायला लागतात. 'काय दिलंय' आणि 'काय विचारलंय' हे दोन प्रश्न मास्तरांनी फळ्यावर लिहायला लावलेले असतात, म्हणून ती ते लिहितात. तिसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. दिलेल्या माहितीवरून विचारलेलं उत्तर निघतं तरी का? पुस्तकातल्या उदाहरणात ते निघतंच, कारण पुस्तक लिहिणाऱ्यानं तशी व्यवस्था केलेली असते. व्यवहारात अशी व्यवस्था कुणी केलेली नसते.

समजा, तुम्ही गावाकडे जमिनीचा एक तुकडा घ्यायला निघाला आहात. तुकडा चौकोनी आहे, पण आयत नाही. चारी बाजू वेगवेगळ्या. विकणारा टेप लावून बाजू मोजून दाखवतो: १३० फूट, १४० फूट, ९० फूट आणि १२० फूट. या क्रमानंच, एकेक कोपरा वळत. कोपऱ्यांना आपण अ, ब, क, ड अशी नावं देऊ. अ ते ब १३०, ब ते क १४०, क ते ड ९० आणि ड पासून परत अ पर्यंत १२०. मग तो म्हणतो, "समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि गुणा." १३० आणि ९० यांची सरासरी ११०. १४० आणि १२० यांची सरासरी १३०. ११० गुणिले १३० म्हणजे १४,३०० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. म्हणजे जमीन झाली १३ गुंठ्यांहून थोडी जास्तच.

(हे ३३ फूट कुठून आले, असं पुष्कळ जण विचारतात. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर.)

ही सरासरीची रीत गावोगावी चालते. ती आजची नाही. इजिप्तमधल्या एडफू इथल्या देवळाच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे जमिनीच्या दानाचे लेख आहेत, त्यातही शेतांची क्षेत्रफळं याच रीतीनं काढलेली आहेत. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मधल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात ही रीत दिली आहे, पण तिला स्पष्टपणे 'स्थूल' म्हटलं आहे. स्थूल म्हणजे ढोबळ. लोकांनी रीत उचलली आणि 'स्थूल' हा शब्द मागं ठेवला.

ती ढोबळ का आहे, हे बघायला घरातली जुनी बाज आठवा. सुंभानं विणलेली, चार गात आणि चार पाय. सांधे ढिले झाले की ती एका अंगाला कलते. काटकोन मोडतात, दोन कोपरे जवळ येतात, दोन लांब जातात. आता गातांची लांबी बदलली का? एक बोटभरही नाही. पण वरची जागा कमी झाली. बाज आणखी कलवत नेली तर शेवटी चारी गात एकमेकांना चिकटतील आणि क्षेत्रफळ शून्यावर येईल. बाजू मात्र तेवढ्याच्या तेवढ्या. म्हणजे नुसत्या चार बाजू सांगितल्या तर चौकोन ठरतच नाही. त्या चार मापांत असंख्य चौकोन बसतात आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ वेगळं.

त्रिकोणाचं तसं नाही. तीन काठ्या टोकाला टोक जोडून बांधल्या की त्या हलत नाहीत. सुताराला हे पक्कं ठाऊक असतं. फळ्यांच्या दाराला तो मागून एक तिरपी पट्टी ठोकतो, ती चौकोनाचे दोन त्रिकोण करण्यासाठी. दार मग कलत नाही. आपल्या जमिनीलाही हीच पट्टी ठोकायची आहे. चार बाजूंच्या जोडीला एक कर्ण मोजायचा. पाचवं माप. एवढं एकच माप घ्यायचं राहून जातं आणि पुढची भांडणं सुरू होतात.

हे सांगणारा माणूस आपल्याच मातीतला होता. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त चौकोनाचा हा अनिश्चितपणा स्वच्छ मांडला आहे. लंब किंवा कर्ण यांपैकी काहीच न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच्चाच्या पंक्तीला बसवलं आहे, आणि उत्तर द्यायला निघालेल्याला त्याच्याही वर! एवढा रागावलेला गणिती विरळाच. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ही समज खानदेशात आठशे वर्षांपूर्वी शिकवली जात होती.

तर मग आपण टेप घेऊन अ पासून क पर्यंत तिरपं चालत जाऊ. समजा माप आलं १५० फूट. आता कागदावर चौकोन काढा, अ आणि क जोडा. दोन त्रिकोण दिसतील. एकाच्या बाजू १३०, १४०, १५०. दुसऱ्याच्या ९०, १२०, १५०.

दुसरा आधी घेऊ, कारण तो सोपा आहे. ९०, १२०, १५० या तिन्ही संख्यांना ३० नं भागा. ३, ४, ५ राहतात. गवंडी पायाची आखणी करताना दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून काटकोन धरतात, तोच हा त्रिकोण, तीसपट मोठा. म्हणजे ड हा कोपरा काटकोनात आहे. काटकोनाच्या दोन बाजूंचा गुणाकार करून निम्मा करायचा. ९० गुणिले १२० म्हणजे १०,८००. त्याचे निम्मे ५,४०० चौरस फूट.

पहिल्या त्रिकोणात काटकोन नाही. पाया गुणिले उंचीच्या निम्मं हे सूत्र आहेच, पण शेतात उंची मोजायची म्हणजे लंब टाकायचा, आणि ढेकळांत नेमका लंब साधणं हे सरावाचं काम. म्हणून तिन्ही बाजूंवरून क्षेत्रफळ देणारं सूत्र वापरू. पाठ्यपुस्तकात ते हिरोचं सूत्र म्हणून येतं. हा हिरो पडद्यावरचा नव्हे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा गणिती.

पहिली पायरी, तिन्ही बाजूंची बेरीज करून निम्मी करा. १३० अधिक १४० अधिक १५० म्हणजे ४२०, निम्मे २१०. ही अर्धपरिमिती. दुसरी पायरी, २१० मधून एकेक बाजू वजा करा: ८०, ७०, ६०. तिसरी पायरी, या चारही संख्यांचा गुणाकार: २१० गुणिले ८० गुणिले ७० गुणिले ६०. चौथी पायरी, त्याचं वर्गमूळ. इथं बहुतेकांचा धीर सुटतो, कारण गुणाकार येतो ७ कोटी ५ लाख ६० हजार. पण तो पूर्ण करायची घाई कशाला? २१० गुणिले ८० म्हणजे १६,८००. ७० गुणिले ६० म्हणजे ४,२००. आणि १६,८०० ही ४,२०० ची बरोबर चौपट आहे. म्हणजे गुणाकार झाला ४,२०० गुणिले ४,२०० गुणिले ४. वर्गमूळ ४,२०० गुणिले २, म्हणजे ८,४०० चौरस फूट. (आकडे असे सुटसुटीत यावेत म्हणून मापं मी तशी निवडली आहेत, हे कबूल. शेतातली मापं एवढी दयाळू नसतात, तिथं मोबाइलमधला कॅल्क्युलेटर घ्या.)

८,४०० आणि ५,४०० मिळून १३,८०० चौरस फूट. विकणारा १४,३०० म्हणत होता. फरक ५०० चौरस फुटांचा, जवळजवळ अर्धा गुंठा. गुंठ्याला एक लाख रुपये भाव धरला तर सेहेचाळीस हजार रुपये हवेत गेले.

आता बाज थोडी जास्त कलवू. बाजू त्याच, पण कर्ण १५० ऐवजी २०० फूट निघाला. पायऱ्या त्याच. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ येतं सुमारे ९,०५८ आणि दुसऱ्याचं सुमारे ३,१६५. एकूण १२,२२३ चौरस फूट. सरासरीची रीत मात्र अजूनही १४,३०० च म्हणते, कारण तिला कर्ण दिसतच नाही. आता फरक दोन गुंठ्यांना थोडाच कमी.

याहून गमतीची गोष्ट पुढं आहे. या चार बाजूंत जास्तीत जास्त किती जमीन मावेल? त्याचंही सूत्र ब्रह्मगुप्तानं दिलेलं आहे. चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतील असा तो वळवला की क्षेत्रफळ सगळ्यात मोठं होतं, आणि अशा चौकोनाला ते सूत्र तंतोतंत लागू पडतं. पुन्हा अर्धपरिमिती: चारी बाजूंची बेरीज ४८०, निम्मे २४०. त्यातून बाजू वजा केल्या की ११०, १००, १५०, १२०. यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ १४,०७१. म्हणजे जमीन कशीही वळवली तरी १४,०७१ चौरस फुटांच्या वर जाऊच शकत नाही. आणि आपण पैसे मोजणार होतो १४,३०० चे! आयत सोडला तर सरासरीची रीत नेहमी जास्तच जमीन दाखवते, कमी कधीच नाही. ती एवढी शतकं टिकली यात सारा वसूल करणाऱ्यांचा काही वाटा असावा, असं मला आपलं वाटतं.

पडताळा घ्यायचा असेल तर मोजणीदारांची रीत वापरा. ते कर्णावर दोरी धरतात आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतून त्या दोरीवर लंब टाकतात. आपल्या जमिनीत ब पासून लंब ११२ फूट येईल आणि ड पासून ७२ फूट. दोन्हींची बेरीज १८४, गुणिले कर्ण १५०, निम्मे करा. १३,८००. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की निर्धास्त व्हावं.

आता समजा, हीच जमीन दोन भावांत सारखी वाटायची आहे. कुणीतरी म्हणतं, "अ पासून क पर्यंत सरळ बांध घाला, झाले दोन वाटे." पण आपण आत्ताच काढलं की एका बाजूला ८,४०० आणि दुसऱ्या बाजूला ५,४०० येतात. प्रत्येकाला हवेत ६,९००. बांध अ या कोपऱ्यातूनच काढायचा असेल तर त्याचं दुसरं टोक बक या बाजूवर कुठंतरी सरकवावं लागेल. कुठं? एकाच शिरोबिंदूतून निघणाऱ्या आणि एकाच रेषेवर पाया असणाऱ्या त्रिकोणांची उंची सारखी असते, म्हणून त्यांची क्षेत्रफळं पायाच्या प्रमाणात असतात. पूर्ण १४० फूट पायाला ८,४०० चौरस फूट, म्हणजे एका फुटाला ६०. मग ६,९०० साठी किती? ६,९०० भागिले ६०, म्हणजे ११५ फूट. ब पासून ११५ फुटांवर खुंटी ठोका आणि अ पासून तिथवर बांध घाला. एकाला ६,९००. दुसऱ्याला पलीकडचे १,५०० आणि ५,४००, मिळून ६,९००. वर्गमूळसुद्धा लागलं नाही. अर्थात वाटणीची कायदेशीर मोजणी भूमी अभिलेख खात्याकडूनच करून घ्यायची. पण तिथं जाण्याआधी दोघा भावांनी कागदावर हे करून पाहिलं, तर बोलणं आवाज न चढवता होतं. कुठला वाटा विहिरीकडे आणि कुठला रस्त्याकडे, तो भाग गणिताच्या बाहेरचा.

आता संख्याशास्त्राकडे वळू. तिथं या चार बाजूंचंच काम करणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे सरासरी. बाजू सांगितल्या म्हणजे जमीन कळली असं आपण समजत होतो. सरासरी सांगितली म्हणजे माणसं कळली असंही आपण समजतो. पण एका सरासरीतही असंख्य याद्या बसतात.

शहरात नोकरी शोधणाऱ्या एका मुलाला एक दुकानदार सांगतो, "आमच्याकडे सरासरी पगार सोळा हजार आहे." मुलगा खूश होतो. आपण आधी विचारू, माणसं किती? नऊ. मग पगारावर एकूण खर्च ९ गुणिले १६, म्हणजे १४४ हजार. हे सरासरीवरून नक्की कळलं. पण तो खर्च नऊ जणांत कसा वाटलाय, हे अजून कळलेलं नाही. म्हणून पुढची पायरी, यादी मागा आणि चढत्या क्रमानं लिहा. समजा ती अशी आहे, हजारांत: ९, ९, १०, १०, ११, १२, १२, १३ आणि ५८. बेरीज करून बघा, १४४ च येते. दुकानदार खोटं बोललेला नाही. पण सोळा हजार तिथं कुणालाच मिळत नाहीत. नऊपैकी आठ जण तेराच्या आत आहेत आणि अठ्ठावन्नवाला बहुधा मालकाचा मेव्हणा असावा.

चढत्या क्रमानं लिहिलेल्या यादीत बरोबर मधला आकडा बघा. नऊ जणांत मधला पाचवा. त्याचा पगार ११ हजार. याला मध्यक म्हणतात. संख्या सम असेल, म्हणजे माणसं आठ किंवा दहा असतील, तर मधले दोन आकडे घेऊन त्यांची सरासरी करायची. मध्यकाचा गुण असा की टोकाच्या आकड्यानं तो हलत नाही. मेव्हण्याचा पगार ५८ वरून ९८ हजार केला तर सरासरी वीस हजारांच्या वर जाते, मध्यक अकरावरच बसून राहतो. नव्यानं लागणाऱ्या मुलानं खरं तर यादीतला पहिला आकडाच बघावा, म्हणजे नऊ हजार.

म्हणून सरासरी टाकाऊ आहे असं नाही. हल्ली सरासरीला नावं ठेवायची एक पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. दुकानाच्या हिशेबनिसाला महिन्याला किती पैसे लागतील हे हवं असेल, तर सोळा गुणिले नऊ हेच बरोबर; अकरा गुणिले नऊ केलं तर ४५ हजार कमी पडतील. प्रश्न खर्चाचा असेल तर सरासरी, प्रश्न 'साधारण माणसाला काय मिळतं' हा असेल तर मध्यक.

दोन सरासऱ्या एकत्र करताना तर माणसांची संख्या लागतेच. एका तुकडीत २० मुलं, सरासरी गुण ७०. दुसऱ्या तुकडीत ६० मुलं, सरासरी ५०. दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी किती? ६० हे उत्तर फार लवकर येतं. पायरीनं जा. पहिलीचे एकूण गुण १,४००, दुसरीचे ३,०००. बेरीज ४,४००, मुलं ८०. सरासरी ५५. घाट चढताना गाडी ताशी ३० नं गेली आणि उतरताना त्याच रस्त्यानं ताशी ६० नं आली, तरीही सरासरी वेग ४५ नाही. साठ किलोमीटर धरा: जायला दोन तास, यायला एक. १२० किलोमीटर तीन तासांत, म्हणजे ताशी ४०. हळू चालण्यात वेळ जास्त गेला, म्हणून त्याचं वजन जास्त.

पावसाचे आकडे वाचतानाही हीच पायरी लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढाच पाऊस महिन्याच्या तीस दिवसांत सारखा वाटला तर रोजची सरासरी येते सुमारे ३१ मिलिमीटर. एवढ्या पावसात मुंबईकर छत्री उघडतो आणि नेहमीची लोकल पकडतो. महिन्याची बेरीज दोन्हीकडे तीच, सरासरीही तीच. म्हणून 'यंदा सरासरीइतका पाऊस' अशी बातमी आली की आणखी दोन आकडे शोधावेत: तो पाऊस किती दिवसांत पडला, आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती पडला.